सोनकीच्या रंगाचा हाफ स्वेटर: विणकामाच्या नोंदी

१० ऑगस्ट

ठरलं. या शरदासाठी हाफ स्वेटर विणायचा. पुऱ्या बाह्यांचा नाही आणि कार्डिगनही नाही. पुण्यात आश्विन-कार्तिकातल्या दुपारी ऊन चटके देतं, पण पहाटे अंगावर काहीतरी हवं असतं. पुरा स्वेटर ऑफिसला पोचेपर्यंत पिशवीत कोंबावा लागतो. छाती-पाठ झाकली आणि हात मोकळे राहिले, की तोच कपडा जेवणाच्या सुट्टीपर्यंत अंगावर टिकतो.

आपल्याकडे हाफ स्वेटर म्हटलं की शाळेचा मरून गणवेश, नाहीतर सकाळी फिरायला निघालेले आजोबा. पण गेल्या काही वर्षांत तो पुन्हा फॅशनमध्ये आलाय. व्ही गळा, ढगळ, कमरेशी संपणारा, आत पांढरा शर्ट. दुकानातले बहुतेक ॲक्रिलिकचे आणि मशीनवर विणलेले असतात, आणि नक्षी बघितली तर ती कुठूनतरी उचलून वर चिकटवल्यासारखी वाटते. मला खरी फेअर आइल पद्धत हवी आहे. एका ओळीत फक्त दोन रंग, पूर्ण कपड्यात मात्र सहा-सात. सगळं काम गोल सुईवर, नळीसारखं. आणि मुंढे, गळा शेवटी कात्रीने कापून काढायचे.

कापण्याचा भाग आत्याला अजून सांगितलेला नाही.

१६ ऑगस्ट

लोकर आली. भाची ॲबर्डीनला असते, ती सुट्टीला येताना घेऊन आली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या लर्विकच्या जेमिसन अँड स्मिथ यांची आहे. २५ ग्रॅमचा गुंडा, ११५ मीटर धागा. नावाला दोन पदरी, जाडी आपल्या दुकानातल्या चार पदरीएवढी.

भाचीने गुंडा गालाला लावून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, टोचते गं ही." टोचते थोडी. मऊच हवी असती तर मेरिनो घेतली असती. पण मशीनमध्ये धुता येणाऱ्या मेरिनोच्या तंतूंवरचे खवले प्रक्रिया करून बसवलेले असतात. धागा गुळगुळीत होतो, आणि कापलेल्या कडेतून टाके सहज निसटतात. ॲक्रिलिकचं तेच. शेटलंड मेंढीच्या लोकरीचे तंतू मात्र एकमेकांना धरून बसतात. मला पकड हवी आहे, मऊपणा धुतल्यावर येईल तेवढा येईल.

पकड असलेली लोकर आपल्याकडे नाही असं नाही. दख्खनी मेंढीची आहे. धनगरांच्या घोंगड्या तिच्याच, काळी आणि भरड, वर चिंचोक्याची खळ दिली की पावसालाही दाद देत नाही. पण ती मानेशी घेऊन दिवस काढायचा विचार करवत नाही. घोंगडी ती घोंगडीच.

एकूण बारा गुंडे, म्हणजे ३०० ग्रॅम. तीन तपकिरी, दोन गडद करडे, दोन पिवळे, दोन गवती, आणि मोतिया, गुलाबी-जांभळा, तांबडा प्रत्येकी एक. तपकिरी रंगाचं नाव मूरिट. शेटलंड मेंढीचा तो अंगचाच, लालसर झाक असलेला रंग आहे. गुंड्यांच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला. पावसाळ्यात कसर लागायला वेळ लागत नाही.

२३ ऑगस्ट

रंगांवर अख्खी दुपार गेली, आणि ती जायलाच हवी होती.

शरदाचे रंग म्हणून जिकडेतिकडे दाखवतात ते लाल, नारिंगी, भोपळी असतात. ते मेपलच्या पानांचे रंग. जिथे ती पानं गळतात तिथे ते शोभतात. आपल्या शरदात झाडांची पानं गळत नाहीत, आपली पानगळ शिशिरात. भाद्रपद-आश्विनात सह्याद्रीवर जे दिसतं ते वेगळंच असतं. पठारं सोनकीने पिवळी होतात, मधूनमधून तेरड्याचे गुलाबी-जांभळे पट्टे, गवत शेंड्याकडून पिकायला लागलेलं, आणि या सगळ्याच्या खाली ओला काळा कातळ. पुरंदरच्या वाटेवर काढलेले जुने फोटो काढून गुंड्यांशेजारी ठेवले. पिवळा म्हणजे सोनकी, गुलाबी-जांभळा म्हणजे तेरडा, गवती तर नावातच आलं, करडा हा कातळ. तांबडा कोकणातल्या जांभ्याचा आहे, तो पुरंदरला नाही. पण मला तो हवा होता म्हणून घेतला.

रंग आवडले म्हणून नक्षी उठत नाही, गडद-फिक्यातलं अंतर लागतं. सगळे गुंडे खिडकीशी ओळीत मांडले, फोटो काढला आणि कृष्णधवल केला. पिवळा आणि मोतिया फिक्या बाजूला गेले, मूरिट आणि करडा गडद बाजूला. ठीक. घोटाळा गवती आणि तांबड्याचा होता. उघड्या डोळ्यांना एक हिरवट, एक लाल, पण फोटोत दोन्ही एकच राखाडी. हे दोघे एका ओळीत आले की नक्षी गायब. म्हणून तांबडा फक्त छोट्या पट्टीत, मोतियावर.

मोठी पट्टी १५ ओळींची आहे, ओ-एक्स-ओ अशा गोल-फुली-गोल नक्षीची. तिची रंगांची मांडणी अशी बसली. पार्श्वभूमी १ ते ४ ओळी गवती, ५-६ मोतिया, ७ ते ९ सोनकी, आणि तिथून उलट्या क्रमाने परत. नक्षीचा रंग १ ते ५ मूरिट, ६-७ करडा, आठव्या ओळीत एकदाच तेरडा, मग परत करडा, मूरिट. नीट बघितलं तर पार्श्वभूमी आणि नक्षी एकाच ओळीत कधीच बदलत नाहीत. एक बदलतो तेव्हा दुसरा जागेवर असतो. त्यामुळे मोजके रंग असूनही ते एकमेकांत उतरत गेल्यासारखे दिसतात. सगळी गंमत या एका नियमात आहे.

३ सप्टेंबर

गौरी काल गेल्या. घरात पुरणाचा वास अजून आहे. मापासाठी विणलेला नमुना आता कुठे खडखडीत वाळला. दमट हवेत लोकर वाळता वाळत नाही.

नमुना सपाट विणला नाही, टोपीएवढी नळी विणली. गोल विणताना सगळ्या ओळी सुलट असतात. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. बहुतेकांचा हात उलट टाक्याला जरा सैल पडतो. स्वेटर नळीत विणायचा तर मापही नळीतच घ्यायला हवं. सुई ३.२५ मिलिमीटरची. आत्या हिला दहा नंबर म्हणते, जुन्या विलायती मापाने. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, नव्या माणसाचं डोकं हमखास फिरतं.

सुईवरून उतरवल्यावर १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके भरले. कोमट पाण्यात रिठा घालून वीस मिनिटं भिजवून, पंचात गुंडाळून दाबून, वाळवल्यावर २८. ओळी ३०. लोकर फुलते, टाके मोकळे होतात, मधल्या फटी भरतात आणि टोचणंही बरंच कमी होतं. हे दोन टाके किरकोळ वाटतात, पण २८० टाक्यांचा घेर ३० च्या हिशेबाने ९३ सेंटिमीटर होतो आणि २८ च्या हिशेबाने १००. एक अंगाला घट्ट, दुसरा ढगळ.

याच नळीवर आणखी दोन गोष्टी तपासल्या.

पहिली, कोणता धागा कुठल्या हातात. मी पार्श्वभूमीचा रंग उजव्या हातात धरते, आपल्याकडे सगळे धरतात तसा, आणि नक्षीचा डाव्या बोटावर. डावीकडचा धागा मागच्या बाजूने खालून येतो, त्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि उठून दिसतो. अर्ध्या नळीत मुद्दाम हात बदलले. त्या अर्ध्यात फुल्या बुजल्यासारख्या झाल्या. एकदा ठरवलेले हात शेवटपर्यंत बदलायचे नाहीत.

दुसरी, कापणं. नळीत सात टाक्यांची एक जास्तीची उभी पट्टी ठेवली होती. हिला स्टीक म्हणतात. खालच्या अर्ध्या पट्टीला कोपऱ्यावरच्या टेलरकडून मशीनच्या दोन शिवणी मारून आणल्या, वरचा अर्धा भाग तसाच ठेवला. मग मधल्या टाक्यावरून सरळ कापत गेले. दोन्ही भाग टिकले. कडा हाताने ओढून, हलवून, पुन्हा भिजवून बघितल्या. मशीनची कड मात्र ताठ झाली आणि बाहेर फाकली. तशी मुंढ्याला नको.

विणकाम उसवतं ते उभं, टाक्यामागून टाका खाली सुटत जातो. आडव्या दिशेने सुटायचं तर कापलेल्या प्रत्येक टोकाला शेजारच्या टाक्यांतून सरपटत बाहेर यावं लागतं. स्टीकचा काप उभा असतो, म्हणून टोकं सगळी आडवी. गुळगुळीत धागा सरपटतो, ही लोकर सरपटत नाही.

७ सप्टेंबर

आज नुसतं गणित. सुईला हात नाही.

माझी छाती ९२ सेंटिमीटर, स्वेटर १०० चा. घेर २८० टाके. मोठी नक्षी २० टाक्यांची, म्हणजे १४ वेळा नेमकी बसते. छोटी पट्टी ४ टाक्यांची, तीही बसते. बारा टाक्यांची एक फार देखणी पट्टी होती, २८० ला बाराने भाग जात नाही म्हणून बाद.

पुढच्या-मागच्या भागाला १४०-१४० टाके असं कुणीही म्हणेल. पण या नक्षीला मधोमध एकच टाका असतो, आणि व्ही गळ्यालाही मध्यावर एकच टाका लागतो. तेव्हा पुढे १४१, मागे १३९. पुढच्या भागात नक्षीचा मध्य आणि गळ्याचं टोक एका रेषेत येतात. हे जुळलं नाही तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकत राहतं.

उंची: खालची बॉर्डर ६ सेंटिमीटर, मुंढ्यापर्यंत २४, मुंढा २४. एकूण ५४. मोठी पट्टी १५ ओळी, साध्या २, छोटी ५, पुन्हा साध्या २, म्हणजे २४ ओळींचा एक फेर. २४ सेंटिमीटरला ७२ ओळी, तीन फेर बरोबर. मुंढ्यालाही तेच. इतकं सरळ गणित क्वचित जुळतं, म्हणून लांबी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे करायचा मोह आवरला.

काखेत दोन्ही बाजूंना २० टाके बाजूला काढून ठेवायचे. मग मुंढ्याच्या प्रत्येक कडेला १४ टाके कमी करायचे, आधी आठ ओळी दर ओळीला एक, नंतर एक ओळ सोडून एक. पुढे ९३ उरतील, मागे ९१. खांदे २५-२५, मागचा गळा ४१. पुढच्या गळ्यात मधला टाका पिनेवर, आणि दोन्ही बाजूंना २१ टाके दर तिसऱ्या ओळीला कमी.

१४ सप्टेंबर

टाके घातले. २.७५ च्या सुईवर, बारा नंबर, २५२ टाके. बॉर्डर दोन सुलट दोन उलट, पण दोन रंगांत. सुलट टाके कायम मूरिटचे, उलट टाक्यांचा रंग खालून वर करड्यापासून गवतीपर्यंत बदलत जातो. अशी बॉर्डर दिसायला छान, पण मागून दोन्ही धागे जात असल्यामुळे ती ताणली जात नाही आणि आत ओढूनही घेत नाही. बाळाच्या स्वेटरला चालणार नाही. ढगळ, आखूड कपड्याला उलट बरीच, कमरेशी फुगा येत नाही.

उलट टाका विणायच्या आधी धागा पुढे आणायचा, विणून झाल्यावर मागे न्यायचा, प्रत्येक वेळी. कंटाळवाणं आहे. टीव्हीवर मॅच लावून केलं.

शेवटच्या ओळीत दर ९ टाक्यांमागे एक वाढवला. २८ वाढले, २८० झाले.

२१ सप्टेंबर

पहिला २४ ओळींचा फेर पूर्ण. तेरड्याची एकच ओळ आहे, पण लांबून बघताना नजर तिथेच जाते.

दोन्ही हातांनी विणायचा ताल आता बसलाय. सुरुवातीला डाव्या बोटावरचा धागा कधी घट्ट, कधी सैल होई. त्यावर उपाय साधा आहे. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यायचे. मागे जाणारा धागा मग आपोआप पुरेसा लांब राहतो आणि पुढचा भाग चुण्या पडून आक्रसत नाही. मागचा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब होत असेल तिथे मध्ये एकदा अडकवते. फुलीच्या मधोमध सात टाक्यांची एक जागा आहे, तिथे अडकवलंच पाहिजे. नाहीतर घालताना अंगठी त्यात गुंतणार.

मुंढ्यापर्यंतच वीस हजारांवर टाके भरतात. हा आकडा आज हिशेबासाठी काढला. काढायला नको होता.

२ ऑक्टोबर, दसरा

मुंढ्यापर्यंत पोचले. काखेचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले, त्यांच्या जागी सात-सात टाके स्टीकसाठी घातले. सोनं वाटून आल्यावर संध्याकाळी एवढंच.

७ ऑक्टोबर

काल कोजागरी झाली. गच्चीवर मसाला दूध आटवता आटवता गळ्याचं टोक आलं. मधला टाका पिनेवर काढला, तिसरं स्टीक सुरू. आता एका ओळीत चार ठिकाणी मुंढ्याचे आणि दोन ठिकाणी गळ्याचे टाके कमी होतात. शिवाय नक्षी. बोलत बोलत विणण्याचे दिवस संपले.

ओळीची सुरुवात मुंढ्याच्या स्टीकमध्ये सरकवली आहे. रंग बदलताना उरणारी टोकं आता स्टीकमध्येच पडतात आणि कापताना जातील. काखेखालच्या भागात ही सोय नव्हती. तिथली टोकं सुईने एकेक आत ओवावी लागणार, ती बरीच आहेत.

स्टीकच्या सात टाक्यांत दोन्ही रंग आलटून-पालटून घेते. नुसत्या एका रंगाने विणलं तर दुसरा धागा मागे लोंबतो, आणि मग धरून ठेवायला तिथे काही उरत नाही.

१२ ऑक्टोबर

विणणं थोडंच, वाचणं जास्त. फेअर आइल हे शंभरही वस्ती नसलेलं बेट, ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांच्या मधोमध. तिथलं विणकाम जगभर पोचलं त्यात मोठा वाटा एका राजपुत्राचा. पुढे आठवा एडवर्ड झालेला तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला असा स्वेटर घालून आला आणि बघता बघता तो श्रीमंतांच्या खेळाचा पोशाख झाला. श्रेय त्याला मिळतं. पण विणणाऱ्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधायच्या. त्याला घोड्याचे केस भरलेली भोकं पाडलेली गादी असे. उजव्या सुईचं टोक तिच्यात खोचायचं, म्हणजे सुईचा भार हातावर येत नाही आणि हात सपासप चालतो. चालता-बोलता विणायची सोय. मनगट दुखायला लागल्यापासून मला त्या पट्ट्याचं फार कौतुक वाटतंय.

शेटलंडला सप्टेंबरअखेरीपासून वूल वीक हा लोकर-विणकामाचा मेळा भरतो. भाचीला पुढच्या वर्षी जायचंय.

१९ ऑक्टोबर

विणून झालं. स्टीकचे टाके बंद केले. खांदे तिसऱ्या सुईने जोडले: पुढचा-मागचा खांदा समोरासमोर धरून दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद करत जायचं. शिवण जाणवतही नाही. आत्ता हातात आहे तो बिनमुंढ्यांचा, बिनगळ्याचा, वरून बंद असा एक पिशवीसारखा प्रकार. कापणं दिवाळीनंतर. फराळाच्या तेलकट हातांनी नाही.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीजेला आत्या बाबांकडे आली, आज माझ्याकडे. नाशिकच्या थंडीत चार भावंडांची आठ-दहा मुलं तिच्या स्वेटरांवर वाढली, मीही त्यातलीच. तिने तो प्रकार हातात घेतला, उलटा केला, मागचे धागे बघितले आणि मान डोलावली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मग मी कात्री आणली.

"अगं, विणलेलं कापतं का कुणी!"

नमुना दाखवला, कड ओढून दाखवली. तिने स्वतः ओढून बघितली. पटलं, पण मुद्दा सोडला नाही. "टिकेल गं, टिकेल. पण उद्या उसवायचं झालं तर?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता आणि तो खरा आहे. आत्याच्या घरात स्वेटर कधी संपत नसे. मुलगा वाढला की उसवायचा, लडी करून पाण्यात बुडवायची, वजन बांधून दांडीवर टांगायची की धाग्याच्या कुरळ्या सरळ होतात, आणि त्यात एक नवा गुंडा घालून पुढच्या मापाचा विणायचा. माझा पहिलीतला निळा स्वेटर आधी कुणाकुणाचा होता ते ती आजही सांगू शकते. मी जो कपडा करते आहे तो या साखळीतून बाहेर आहे. कापल्यावर वरच्या भागातला धागा पुन्हा विणण्याइतका सलग राहणार नाही. हा स्वेटर कधीच दुसरा कपडा होणार नाही.

तिला म्हटलं, बाई, बरोबर आहे तुझं. पण माझं माप आता वाढायचं नाही.

"ते दिसतंय," म्हणाली.

आधी गळा कापला. मधल्या टाक्याचे दोन पाय दिसतात, त्यांच्या मधल्या आडव्या दोऱ्या एकेक करत. कात्री छोटी, टोकदार, आत पुठ्ठ्याचा तुकडा घातलेला, म्हणजे पाठीचा भाग कात्रीत यायचा नाही. मग दोन्ही मुंढे. आत्याने चष्मा लावून पुठ्ठा धरला आणि पूर्ण वेळ मला जपून, जपून म्हणत राहिली. एक टाकाही सुटला नाही. कापल्याबरोबर ते एकदम कपड्यासारखं दिसायला लागलं, खांदे पडले, व्ही उघडला.

आत्याने उरलेला चिवडा खात विचारलं, "आणि काज-बटणं नाहीत? हो, हाफ स्वेटरच की हा. आपल्या अण्णांचा होता तसला." अण्णा म्हणजे माझे आजोबा. घ्या.

२८ ऑक्टोबर

मुंढ्याच्या पट्ट्या. कडेच्या १४४ ओळींतून टाके उचलले, काखेतले २० दोऱ्यावरून घेतले, एकूण १३६. दोन सुलट दोन उलट, एकाच रंगात, मूरिटमध्ये. इथे दोन रंग घेतले असते तर पट्टी ताणली गेली नसती आणि शर्टाच्या बाहीवर बसली नसती. अडीच सेंटिमीटर झाल्यावर सैल हाताने बंद.

गळ्याची पट्टी तशीच, फक्त टोकाला दर दुसऱ्या ओळीत तीन टाक्यांचा एक, मधला कायम वर. ती उभी रेघ सरळ आली की व्ही टोकदार होतो. दुकानातल्या पुष्कळ स्वेटरांत हा कोपरा नुसता एकावर एक दुमडून शिवलेला असतो. माझ्या दृष्टीने हाफ स्वेटरची परीक्षा इथेच होते.

१ नोव्हेंबर

आतलं काम. स्टीकच्या कडा दोन टाक्यांएवढ्या ठेवून बाकी छाटल्या, आतल्या बाजूला वळवल्या आणि फुलीच्या टाक्याने दाबून टाकल्या. काखेखालची टोकं ओवून झाली. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पॉडकास्ट संपले, टोकं संपेनात.

२ नोव्हेंबर

रिठ्याच्या पाण्यात भिजवला. पाणी थोडं तपकिरी झालं, ते रिठ्याचं. पांढऱ्या रुमालावर दाबून बघितलं, रंग उतरला नाही. पिळायचा नाही, पंचात गुंडाळून वर उभं राहायचं. मग जुन्या गादीवर चादर टाकून मापाला लावला: छाती ५० सपाट, उंची ५४, पिना फक्त बॉर्डरला आणि खांद्याला. शेटलंडला यासाठी स्वेटर ताणून बसवायच्या लाकडी चौकटी असतात. आपली गादी चालते. पंखा सुरू ठेवून सावलीत. उन्हात टाकला तर तेरडा आधी विटेल.

५ नोव्हेंबर

वाळला. वाळल्यावर ओळींमधली उंचसखल गेली, रंग एकमेकांकडे सरकले. कृष्णधवल फोटोत फुल्या शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट. गवतीतून मोतिया, मोतियातून सोनकी हा चढ लांबून जास्त चांगला दिसतो. जवळून नुसते पट्टे.

७ नोव्हेंबर

सकाळी घालून निघाले. पांढरा खादीचा शर्ट, कॉलर बाहेर, खाली साधी गडद पँट. स्कूटरवर वारा छातीला लागला नाही, हाताला लागला, आणि अकराच्या उन्हातही काढावासा वाटला नाही. मानेशी शर्टाची कॉलर असल्यामुळे टोचण्याचा प्रश्न येत नाही.

कालच आरशासमोर बाकीचे प्रयोग केले होते. खणाच्या स्कर्टवर नको. खणात आधीच बारीक नक्षी आणि काठ, वर फेअर आइल, दोघं भांडतात. एकरंगी हातमागाच्या साडीवर मात्र फार सुरेख दिसतो. पदर स्वेटरवरून घ्यायचा, आत कोंबायचा नाही. कमरेशी संपतो त्यामुळे निऱ्या झाकल्या जात नाहीत. लांब स्वेटरने साडीची जी गत होते ती इथे होत नाही.

पुढच्या वेळेसाठी: व्ही आणखी ३ सेंटिमीटर वर सुरू करायचा, शर्टाचं दुसरं बटण दिसतंय. मुंढा २४ जरा खोल आहे, २२ पुरे. पण मग ६६ ओळी होतात आणि फेर अर्धवट तुटतो, त्यामुळे छोटी पट्टी बदलावी लागेल. खांदा आहे तसाच ठेवायचा.

उरलेली लोकर मूरिट १४ ग्रॅम, करडा १०, सोनकी ८, तांबडा ७, मोतिया ३. गवती संपला. यात मोठ्या माणसाची टोपी होत नाही. भाचीच्या लेकाची होईल, मोतिया वगळून. आत्याने फोनवर तिला सांगून टाकलंय की टोपीत काही कापायचं नसतं, तेव्हा टोपी आत्याच विणणार आहे. गुंडे उद्या कुरियरने नाशिकला.